फिलूमावशीची खदान

फिलूमावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी भाईंदरच्या इंद्रलोक भागात आमच्या इमारतीखाली भाजीवाल्याशी हिंदीत भेंडीच्या भावावरून वाद घालत होते. फोन तिच्या सुनेचा, ग्लोरियाचा होता. सकाळी चहा घेतला, खुर्चीत बसल्या बसल्याच मान कलली, डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं... एवढं सांगून ती म्हणाली, "टीचर, रविवारी खदान बघायला बाराजण यायचेत. त्यांना नको म्हणून कळवू नका. आईला चाललं नसतं." मी भेंडी तिथेच ठेवली आणि उत्तनची बस पकडली.

दफनाला गावातली माणसं होतीच, पण त्यांच्यामागे तीस-पस्तीस अनोळखी चेहरेही उभे होते. मिरा रोडचे, बोरिवलीचे, नया नगरमधलं एक अख्खं कुटुंब. मावशीच्या दिराने मला बाजूला घेऊन विचारलं, ही कोण माणसं, आमच्यातली तर दिसत नाहीत. मी सांगितलं, ही बेडूक बघून गेलेली माणसं. त्या दुःखातही त्यांना हसू आलं, आणि मलाही.

फिलोमिना तिचं नाव, पण सगळ्या उत्तनला ती फिलू. नवरा होडीवर जायचा आणि ही लग्नानंतरची बारा वर्षं डोंगरातल्या दगडाच्या खदानीत पाट्या वाहायची. सुरुंग उडाला की बायकांनी आत जायचं, फुटलेला दगड उचलायचा आणि क्रशरपाशी नेऊन टाकायचा. असंच एकदा पाटीत भरताना एक काळसर दगड तिच्या हातात खाज्याच्या पदरांसारखा उलगडला. आत बेडूक होता. मागचे पाय दुमडलेले, एकेक हाड कुणी बारीक पेन्सिलीने काढल्यासारखं. मुकादम म्हणाला, खडीत टाक. तिने मान डोलावली, पाटीत वर गवत घातलं आणि दगड घरी नेला. नवऱ्याने विचारलं, मेलेला बेडूक घरात कशाला. तिला टाकवलं नाही, एवढंच. मसाल्याच्या बाटल्यांमागे तो दगड उभा राहिला तो चाळीस वर्षं. मधल्या काळात खदान बंद पडली, क्रशर भंगारात गेला, खड्ड्यात रान माजलं.

मी भाईंदरच्या शाळेत भूगोल शिकवत होते. मावशी घरचा मसाला विकायची, तो घ्यायला एका सहशिक्षिकेबरोबर तिच्या घरी गेले, मावशीने बाटल्या सरकवल्या आणि मागचा दगड दिसला. बावीस वर्षं मी फळ्यावर लिहीत आले होते की आपला सगळा प्रदेश लाव्हारसाचा, इथे जीवाश्म सापडत नाहीत. तेच मी तिथे, त्या दगडासमोर उभी राहून, तिला सांगितलं. तिने शांतपणे बाटलीचं झाकण लावलं. "मग यो काय, माझा मामा हाय?" ती म्हणाली.

आमची मैत्री त्या वाक्यापासून सुरू झाली. माझ्या ओळखीने एक भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक आले. त्यांनी भिंग लावून दगड उलटसुलट बघितला. मग त्यांनी समजावून सांगितलं. लाव्हा एकदम आला नाही, थांबून थांबून आला. दोन लोटांच्या मधल्या काळात इथे तळी साचली, तळ्यांत गाळ बसला, गाळात बेडूक, पानं, बिया. वर पुन्हा लाव्हा आला आणि सगळं झाकलं गेलं. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. फिलूमावशीने त्या कोट्यांकडे साफ दुर्लक्ष केलं. तिने विचारलं, तळं गोड्या पाण्याचं होतं का? प्राध्यापक हो म्हणाले. "म्हणजे बेडकाला गोडं पाणी होतं," ती म्हणाली, "आणि आम्ही टँकरची वाट बघतोय."

प्राध्यापकांना तो दगड संग्रहालयासाठी हवा होता. त्यांचंही खरं होतं, तिथे तो सुरक्षित राहिला असता, अभ्यासाला मिळाला असता. त्यांनी फार अदबीने विचारलं. मावशीने त्यांना फोटो काढू दिले, मापं घेऊ दिली, जेवायला वाढलं, पण दगड दिला नाही. "ह्याला मुंबईला कशाला न्यायचा? ज्याला बगायचाय त्यानं हिकडं यावं." दुपारी ती आम्हाला खदानीत घेऊन गेली. साडी खोचून, कोयत्याने झुडपं तोडत पुढे ती आणि मागे आम्ही दोघं धापा टाकत. खदानीच्या भिंतीत, दोन जाड काळ्या थरांच्या मधोमध, हातभर उंचीचा तो पापुद्र्यांचा पट्टा होता. त्यात पानं होती, बिया होत्या, आणि खाली निखळून पडलेल्या एका मोठ्या फरशीवर आणखी एक बेडूक होता. प्राध्यापक त्या फरशीशेजारी मातीतच बसले. मावशी मला म्हणाली, एक घरात हाय, बाकीचे इथं. त्यांना काही घरी नेता येत न्हाय, मग माणसांनाच आणू या.

आणि खरंच आणली. पहिल्या रविवारी माझ्या शाळेतल्या पाच शिक्षिका, मग त्यांचे नातेवाईक, मग त्यांच्या इमारतीतले शेजारी. जाताना खदान, येताना मावशीच्या ओट्यावर चहा. ग्लोरिया पुढे पुढे जेवणही करून द्यायला लागली. प्राध्यापकांकडून ऐकलेलं मावशी सगळं लक्षात ठेवायची, पण सांगायची आपल्या भाषेत. लाव्हा म्हणजे "डोंगराचा रस्सा". एकदा एक गृहस्थ म्हणाले की त्यांनी परदेशात याहून मोठे जीवाश्म बघितलेत. ती म्हणाली, बगितले असतील, पण ते तुमच्या गावचे होते काय?

सगळंच गोड झालं असं नाही. एका रविवारी कुणीतरी छिन्नीने एक सुरेख पान उचकटून नेलं. भिंतीवर पांढरी खूण राहिली. त्या दिवशी मावशी चहाला बसली नाही. पुढचे तीन रविवार तिने कुणाला नेलं नाही, आणि मला वाटलं, संपलं. चौथ्या आठवड्यात तिचाच फोन आला. खदानीच्या तोंडाशी तिने चुऱ्याचा एक ढीग करून ठेवला होता. त्याच थराच्या कपच्या, पण कोऱ्या, आत काहीच नसलेल्या. तेव्हापासून प्रत्येकाला निघताना एक कपची मिळायला लागली. मी म्हटलं, चोराला घाबरून बक्षीस देतेस की काय. ती म्हणाली, "रिकाम्या हातानं माणूस जात न्हाय, टीचर. आपण द्यायचं, म्हणजे तो घ्यायचा न्हाय." नंतर एकही पान गेलं नाही.

मग डंपर आले. कुठल्यातरी पाडलेल्या इमारतींचं डेब्रिज खदानीत टाकायचं कुणीतरी ठरवलं होतं. दोन दिवसांत एक कोपरा भरला. अर्ज, निवेदन याबद्दल आम्ही सुशिक्षित माणसं चर्चा करत होतो तेव्हा मावशी घरातली खुर्ची घेऊन गेली आणि खदानीच्या वाटेवर मधोमध मांडून बसली. मी रिक्षा करून धावत गेले. समोर डंपर उभा, ड्रायव्हर जौनपूरचा, हिंदीत विनवणी करतोय की मावशी हटो, मेरी नौकरी का सवाल है. तिने त्याला भांडून उत्तर दिलं नाही. "पहले नीचे आ के देख, फिर डाल," एवढंच म्हणाली. तो वैतागून उतरला. पंधरा मिनिटांनी वर आला तेव्हा त्याने डोक्याचा गमछा काढून हातात घेतला होता. त्याने गाडी मागे घेतली. पुढच्या रविवारी तो बायकोला आणि दोन मुलींना घेऊन आला.

एका ड्रायव्हरने डंपर थांबत नाहीत, हे खरं. पण येऊन गेलेल्या प्रत्येकाला आम्ही कळवलं आणि अर्जावर सह्यांची पानंच्या पानं जमली. एक अधिकारी पाहणीला आले. दहा मिनिटांचं काम म्हणून आले आणि दोन तासांनी तिच्या ओट्यावर बोंबील खात बसले होते. पावसाळ्याआधी भराव थांबला, कुंपण झालं, कठडा झाला, पाटीही लागली. पाटी मी तिला वाचून दाखवली. शेवटी लिहिलं होतं, दगडांना हात लावू नये. ती नाराज झाली. हात लावल्याशिवाय दगड कळतो कसा? तिच्या हट्टापायी घरातला तिचा बेडूक खदानीत आला, कठड्याच्या अलीकडे चौथऱ्यावर बसला, आणि त्याच्याखाली दुसरी छोटी पाटी लागली. हात लावा. चाळीस वर्षं न दिलेला दगड तिने असा एका दुपारी देऊन टाकला.

ती गेली त्यानंतरच्या रविवारी ते बाराजण आले. पुढे ग्लोरिया, मागे मी. एक गोष्ट फक्त तिच्याबरोबर गेलेल्यांनाच माहीत आहे. खाली पडलेल्या फरशीवरचा बेडूक कोरड्या दगडात सहज दिसत नाही. मावशी बाटलीतलं पाणी ओंजळीने त्यावर शिंपडायची आणि बाजूला उभी राहायची. बोट दाखवायची नाही, काही सांगायची नाही. लोक शोधायचे, कंटाळायचे, विचारायचे, ती फक्त समुद्राच्या बाजूला बघत राहायची. ग्लोरियाने पाणी शिंपडलं. बारा माणसं वाकली. एक मिनिट गेलं, दोन गेली... एक आजोबा वैतागून म्हणाले, इथे तर काहीच नाही. ग्लोरियाचा हात वर आला, बोट दगडाच्या रोखाने लांब झालं, आणि मग तिने ते हळूच मिटून घेतलं. आम्ही दोघी समुद्राकडे बघत राहिलो. ओली फरशी उन्हात कडेने सुकायला लागली होती. मागून आजोबांचा आवाज आला, एकदम हलका.

"अरे... बसलाय की."