हिरवी वायर बोटभर लांब

“हिरवी लांब ठेवा, पावणं.”

दिवसातून दहा वेळा तरी हे वाक्य त्यांच्या तोंडून निघायचं. समोर गिऱ्हाईक असो, पोस्टमन असो, नाहीतर मी असो, त्यांच्या लेखी सगळे पावणंच. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. फौंड्रीतली इलेक्ट्रिशियनची नोकरी संपल्यावर त्यांनी उद्यमनगरात एका गाळ्याच्या कोपऱ्यात टेबल मांडलं होतं. मोठ्या ऑफिसांतून भंगारात निघालेल्या सर्व्हर कॉम्प्युटरचे पॉवर सप्लाय त्या टेबलावर विटांसारखे रचलेले असायचे.

दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. माझं तेव्हा गाड्यांना टेप आणि अ‍ॅम्प्लिफायर बसवायचं छोटं दुकान होतं. अ‍ॅम्प्लिफायर टेबलावर तपासायचा तर गाडीची बॅटरी लागायची, आणि ती नेमकी गिऱ्हाईक समोर उभं असताना मान टाकायची. कुणीतरी मला मामांकडे पाठवलं. सर्व्हरचा तो चपटा डबा घरातला करंट घेऊन गाडीच्या बॅटरीसारखेच बारा व्होल्ट देतो आणि दमत नाही, हे त्यांनी मला दाखवलं. दोन ठराविक पिना जोडल्याशिवाय डबा जागा व्हायचा नाही. जागा झाला की त्याचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा सुरू व्हायचा, आणि मामा त्याच्यावर आवाज चढवून बोलायचे. पंखा बंद झाल्यावरही तो आवाज खाली यायचा नाही, हा भाग वेगळा.

त्यांच्याकडे डबा पसंत केला म्हणून लगेच हातात मिळत नसे. त्याला ट्रकच्या हेडलाइटचे जुने बल्ब जोडले जात आणि गिऱ्हाइकानं समोर स्टुलावर बसायचं. मामांचे दोन चहा होईपर्यंत बल्ब मंद झाले नाहीत, तर डबा पास. घाई करणाऱ्याला ते म्हणायचे, “तुमच्यावर भरवसा हाय, डब्यावर न्हाय.”

मग मेनची वायर. तिच्यात लाल, काळी आणि हिरवी. हिरवी म्हणजे अर्थिंगची, ती इतर दोघींपेक्षा बोटभर लांब. वायरला कधी हिसका बसला तर ती सगळ्यात शेवटी तुटली पाहिजे, कारण करंट डब्याच्या पत्र्यावर आला तर माणसाला तीच वाचवते. मामा सांगायचे आणि मी मान डोलवायचो. ऐकत होतो असं काही म्हणता येणार नाही.

गगनबावड्याच्या एका हॉटेलवाल्यानं माझ्याकडून गाडीचा अ‍ॅम्प्लिफायर, स्पीकर आणि मामांकडचा एक डबा घेतला. त्याला टीव्हीवरची गाणी हॉटेलभर घुमवायची होती. बसवायला गेलो, तर स्पीकरमधला घूंऽ आवाज काही केल्या थांबेना. शेवटी मी हिरवी वायर कापली आणि आवाज गायब. हॉटेलवाला खूश, मी त्याहून खूश. दुसऱ्या दिवशी ही हुशारी मामांना ऐकवायला गेलो.

“तिकडं पाऊस किती हाय?” त्यांनी एवढंच विचारलं. त्यांचा इतका हळू आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

गाळ्याला कुलूप लावून त्यांनी मला एसटीत बसवलं. गगनबावडा जवळ येईल तसा पाऊस वाढत गेला, आणि आपण काय करून बसलोय ते मला कळत गेलं.

हॉटेलातली फरशी ओली, भिंती ओल्या. हॉटेलवाला हसत म्हणाला, आवाज झकास आहे, फक्त डब्याला हात लागला की जरा झिणझिण्या येतात. त्याची बायको डब्याशेजारीच कपबशा विसळत होती.

मामांनी आधी प्लग उपसला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात ते हॉटेलवाल्याकडे वळले.

“आमचं चुकलं, पावणं. एक वायर तोडली आमी. ती जोडल्याबिगर हात लावू नका.”

त्यांचा त्या चुकीशी काडीचाही संबंध नव्हता. तरी ते ‘आमचं’ म्हणाले.

बल्ब लावून त्यांनी हॉटेलचं अर्थिंग तपासलं आणि हिरवी जोडली. प्लग लावताच तो घूंऽ आवाज परत आला. मी ओशाळलो.

“येऊ दे की,” मामा म्हणाले. “आवाज घालवता येतोय. माणूस माघारी आणता येत न्हाय.”

मग खिशातून सुपारीएवढा ट्रान्सफॉर्मर काढून त्यांनी टीव्हीकडून येणाऱ्या गाण्याच्या वायरीत बसवला आणि स्पीकर गप झाला. इतकं सोपं होतं ते. मी फक्त विचारायला हवं होतं.

परतताना एसटीत मी माफी मागितली. ते म्हणाले, “हाटेलातला वडा बरा हुता की.” तो विषय त्यांनी पुन्हा कधी, कुणासमोर काढला नाही. माझं दुकान टिकलं ते त्यांच्यामुळे, आणि एका बाईचा जीव माझ्या हातून गेला नाही तोही त्यांच्यामुळेच. हे त्यांना तोंडावर सांगायचं मात्र राहून गेलं.

मामांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. मागे एकानं त्यांच्या हातचा डबा माझ्याकडे दुरुस्तीला आणला. फळीवरून पडला होता आणि तेव्हापासून लावला की घरातला फ्यूज जायचा. त्याच्या मुलीनं म्हणे दोनदा लावून बघितला होता.

मी झाकण उघडलं. काळी तुटली होती. लाल निघून डब्याच्या पत्र्याला टेकली होती. हिरवी जागच्या जागी घट्ट होती.

दोन्ही वेळा मुलीऐवजी फ्यूज गेला होता, तो तिच्यामुळे. मग मी नवी वायर घेतली, तिच्यातली हिरवी बोटभर लांब ठेवून जोडली, हेडलाइटचे बल्ब लावले, गिऱ्हाइकाला समोर स्टुलावर बसवलं आणि दोन चहा सांगितले.