फैजपूर ते यावल, पळत

शेहेचाळिसाव्या वर्षी मी पळायला लागले, ते कुणाला विचारून नाही. फैजपूरहून निघायचं, केळीच्या बागांमधून चार-पाच किलोमीटर जायचं, चहाच्या वेळेला घरी. बस्स. बागांना रात्री पाणी दिलेलं असतं, गारवा येतो, आपलाच श्वास आपल्याला ऐकू येतो आणि तासभर कुणी 'माझे मोजे कुठं आहेत' विचारत नाही. एवढंसं सुख. पण आमच्या लोकांना तेही बघवत नाही! आमच्याकडे बाईमाणूस पळतं ते दोनच कारणांनी: एसटी सुटली म्हणून, नाहीतर कुणी गेलं म्हणून.

एका रविवारी मी पळत यावलला, माहेरी जायचं ठरवलं. तेवढं लांब कधी गेले नव्हते. आई वारल्यापासून आबा तिथं एकटेच राहतात. शनिवारी नवऱ्याला सांगितलं, तर मोबाइलमधून डोकं वर न काढता 'हं' म्हणाला. वीस वर्षं हे 'हं' ऐकतेय मी. माझा फोन मुद्दाम घरीच ठेवला.

निम्म्या वाटेत नवऱ्याचा चुलतभाऊ मोटारसायकलवर भेटला. "वहिनी, बसा, सोडतो." मला धाप लागलेली, तोंड लाल, घाम डोळ्यांत जाऊन पाणी वाहतंय. बोलवेना, म्हणून हातानंच नको म्हटलं. तर या शहाण्यानं काय समजावं? बाई रडतेय, शब्द फुटत नाही, माहेराकडे धावत सुटलीय, म्हणजे हिचे आबा गेले! पुन्हा एकदा विचारायला काय जीभ झडली होती का? नाही. यावलला आणि आमच्या घरी फोन लावले आणि मोकळा झाला.

आमच्याकडे कुणी गेलं की 'दारावर' जातात. बायका गल्लीच्या तोंडापासूनच गळा काढतात. मी पोचले तर माहेरच्या ओट्यावर टोप्या घातलेली माणसं आणि अंगणात पदर घेतलेल्या वीसेक बायका. आबा सकाळीच शेतात ठिबक बघायला गेलेले, घराला कुलूप. त्या कुलपानं तर सगळ्यांची खात्रीच पटलेली, की दवाखान्यात नेलं असणार.

"माय व, कसं झालं व हे!" म्हणत शेजारच्या अक्कांनी मला मिठी मारली आणि मागून बाकीच्यांनी. खोटं कशाला सांगू, क्षणभर मलाही ते खरं वाटलं. मी खालीच बसले.

तेवढ्यात चिखलाच्या पायांनी आबा आले. गर्दी बघून दचकले आणि विचारलं, "कोन गेलं व?"

मला वाटलं, आता कुणीतरी म्हणेल, चुकलं बाई आमचं. छे! सगळे उलटले माझ्यावरच. "पन पयाचंच काबर म्हन्ते मी?" जो तो तेच, पळायचंच कशाला. ज्यानं अफवा उठवली तो चुलतदीर मोटारसायकलवरून आधीच पोचलेला, पण खाली मान घालून नामानिराळा.

त्यातच नवरा सासूबाईंना गाडीत घालून आला. सासूबाईंनी आबांना धडधाकट पाहिलं, डोळे पुसले आणि सगळ्यांदेखत सुनावलं, "आजपासून हिचं पळणं बंद. चारचौघांत शोभा केली." नवरा म्हणाला, "हं."

माझं तोंड उघडलंच होतं, आणि जे बाहेर पडणार होतं ते काही चांगलं नव्हतं. पण आबांनी हात वर केला. मी लहान असताना पळत शाळेत जायचे आणि लोक नावं ठेवायचे, तेव्हासुद्धा त्यांनी कधी माझी बाजू घेऊन कुणाशी वाद घातला नव्हता.

"विहीनबाई," ते म्हणाले, "मी खरंच मरीन, तवा तुम्ही हिले गाडीत टाकून बराबर आनसान. पन तवा ते मले दिसनार नाही. आज पयत आली, मले दिसली."