बिबिजानचा पावणा

आमच्या डिंगोऱ्यात कुठल्या बाईच्या हाताला कोणतं माप लागतं हे तिच्या नवऱ्याला ठाऊक नसे, पण बिबिजानला असे. ती जुन्नरची मणेरीण. डोक्यावर बांगड्यांची पाटी घेऊन दर पंधरा दिवसांनी चार कोस चालत आमच्या गावाला यायची, ओसरीवर फतकल मारून बसायची आणि समोर आलेला हात कणीक मळावी तसा मळायची. हात चालू झाला की तोंडाचा पट्टाही सुरू. कुणाची सासू, कुणाची मारकी म्हैस, कुणाचा नवरा बाजारातून काय विसरून आला. बाई हसायला लागली की हात सैल सुटतो आणि सुटला की बांगडी आत जाते. हसवणं हा तिच्या धंद्यातलाच एक भाग होता. माझं नाव भागू, आणि मला ती 'नांगराचा फाळ' म्हणायची, कारण माझा हात काही केल्या सैल सुटत नसे. चारचौघींत म्हणायची वर! मी तिच्यावर लहानपणापासून दात धरून होते.

पंचावन्न सालच्या दिवाळीनंतर ती यायची थांबली. आतड्याला गाठ झाली होती. पुण्याच्या एका मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी ती काढली, खालची वाट कायमची बंद केली आणि पोटाच्या डाव्या अंगाला आतड्याचं तोंड बाहेर काढून दिलं. परसाकडं व्हायचं ते आता तिथून. वर बांधायला एक रबरी पिशवी आणि कमरेचा पट्टा दिला, आणि सांगितलं, खा, पी, हिंड, फिर. सांगणाऱ्याचं काय जातं! पिशवी पहिल्याच दिवशी गळली.

रोजच गळायची. कातडी भाजल्यागत लाल व्हायची, लुगडं दिवसातून चारदा धुवावं लागायचं. बिबिजान तीन महिने मागच्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडली. तिचा नवरा दस्तगीर सायकली दुरुस्त करायचा. तो आल्यागेल्याला सांगे, अजून ताकद आली नाही. ताकद आली होती, लाज जात नव्हती. हे पुढं तिनंच मला सांगितलं, आणि सांगताना ती एकदाही हसली नाही.

मग एके दिवशी धुतलेली पिशवी हातात घेऊन बसली असताना तिचं धंद्याचं डोकं जागं झालं. पिशवीच्या तोंडाला एक कडं होतं. त्याच्या आणि पोटावरच्या तोंडाच्या मधे तिची करंगळी सहज फिरत होती. तिनं दस्तगीरला हाक मारली. (घरात ते दखनी बोलत, मी मला येतं तसं सांगते.)

"अवं, हितं सासूच्या मापाचा बिलवर सुनंच्या हातात घातलाय! गळंल न्हाई तर काय?"

चाळीस वर्षं तिनं दुसरं केलं काय होतं? अंगाला ओरखडा न काढता नेमक्या मापाचं कडं बसवणं. तिनं लेकरांच्या बांगड्यांची पेटी उपसली. बारशाला घालतात त्या लाखेच्या बांगड्यांतली एक बरोबर बसली, दाबत नव्हती आणि खेळतही नव्हती. दस्तगीरनं त्या बांगडीवर सायकलच्या ट्यूबचं रबर ताणून सोल्यूशननं चिकटवलं, खाली पिशवी केली आणि पंक्चर बघतात तशी घमेल्यात बुडवून बघितली. एक बुडबुडा आला नाही. कातडीवर लावायला रानातला डिंक विकणाऱ्या ठाकरणीकडून कांडोळाच्या झाडाचा डिंक आणून त्याची वस्त्रगाळ भुकटी केली. अशा दोन पिशव्या झाल्या, एक अंगावर आणि एक सावलीत वाळत. तपासायला गेली तेव्हा डॉक्टरांनी ती पिशवी उलटसुलट करून पाहिली, वहीत तिचं चित्र काढून घेतलं आणि माप कशानं घेतलं म्हणून विचारलं. बिबिजान म्हणाली, "नजरेनं."

ती पुन्हा चालायला लागली. आधी घरातल्या घरात, मग बाजारापर्यंत, मग जवळच्या वाड्यांना. पण तिच्या आधी तिची बातमी डिंगोऱ्याला पोचली होती, आणि बातमीला कुणी माप लावत नाही. कुणी म्हणे तिच्या पोटाला दार बसवलंय. कुणी म्हणे आत सायकलची ट्यूब आहे, नवरा रोज हवा भरतो.

आमच्या घरी माझी आत्या सारजाबाई राहायची. अकरा वर्षांपूर्वी एकाच साली तिचं तान्हं लेकरू गेलं आणि नवराही गेला, तेव्हापासून ती माहेरी. तिचं सोवळं फार कडक. दिवसातून तीनदा आंघोळ, बसायचा पाट वेगळा, अंथरूण वेगळं, धुणं कुणाला हात लावू द्यायची नाही. आम्ही पोरी तिच्या मागं तिची नक्कल करायचो. त्या वैशाखात माझं लग्न ठरलं होतं, अवसरी खुर्दला. चुडा भरायचा विषय निघाला तेव्हा आत्यानं फर्मान काढलं.

"त्या बिबिजानला वसरीवर चढू द्यायची न्हाई. पोटाला घान बांधून फिरती. लगनघर हाय. नारायणगावचा मणेर बोलवा."

शेजारच्या बयाबाईनं मान डोलावली, तिचं बघून बाकीच्यांनी. हे दिसायला साधं, पण डिंगोऱ्यानं हात काढून घेतले असते तर पुढच्या गावांनीही काढून घेतले असते. मणेरणीला दुकान नसतं. बायांनी हात पुढं केला तर ती मणेरीण, नाहीतर डोक्यावर काचेचं ओझं घेऊन उन्हात हिंडणारी एक म्हातारी. माझी आई साळुबाई नणंदेपुढं कधी बोलायची नाही. तेव्हाही "बरं, वन्सं" एवढंच म्हणाली, आणि निरोप धाडला तो बिबिजानलाच.

चुड्याच्या दिवशी मांडवात आठ-दहा बाया जमल्या होत्या. मी हळदीनं पिवळी होऊन ओसरीवर बसले होते. बिबिजान पाटी घेऊन आली, जरा वाळलेली, पण चाल तीच. आत्या उंबऱ्यातूनच ओरडली, "थांब तितंच! आत यायचं न्हाई!"

बिबिजाननं मांडवाच्या कडेला पाटी उतरवली आणि तिथंच बसली. मी तिच्याकडं पाहिलं. घाम पुसायचं निमित्त करून तिनं पदर डोळ्यांना लावला आणि लगेच खाली घेतला.

"थांबले, सारजाक्का. पावणा बी थांबलाय."

"कंचा पावणा?" बयाबाईनं विचारलं.

तिनं पोटावर डावीकडं थाप मारली. "ह्यो. दवाखान्यातनं संगं आला त्यो गेलाच न्हाई. न सांगता येतो, न इचारता बोलतो. जावई असता तर कवाच हाकलला असता. आता तुमीच बगा. कुजबुजू नगा, काय इचारायचं त्ये तोंडावर इचारा. मग म्हना जा, मी जाते."

बाया आधी एकमेकींकडं बघत राहिल्या. मग बयाबाईला राहवेना.

"जेवतीस काय?"

"भाकरी, कालवण, समदं. हरभऱ्याची डाळ तेवढी बंद, कांदा बी कमी. कांदा खाल्ला की पावणा भाषन करतो."

"पानी भरतीस?"

"भरते की. लई जड हंडा मातर उचलत न्हाई, डाक्टर रागावतो. चार कोस चालून आले ह्ये तर बघितलंच तुमी."

"आन् वास?"

"जवळ ये. घे नाकानं, लाजू नगंस."

बयाबाई खरोखर उठली, तिच्या जवळ वाकली आणि दोनदा हुंगून प्रामाणिकपणे म्हणाली, "न्हाई बया. डिंकाचाच येतोय."

आत्याचा तोल सुटला. "देवाला तरी चालतं का असलं?"

"मला बी त्योच घोर व्हता," बिबिजान म्हणाली. "मौलवींना इचारलं. त्ये म्हनले आजाऱ्याला सूट हाय, हातपाय धू आन् नमाजाला उभी ऱ्हा. अल्लाच्या दारात चालतं, सारजाक्का. तुमच्या वसरीचं काय त्ये तुमी ठरवा."

बायांनी माना आत्याकडं वळवल्या. आणि नेमक्या त्या शांततेत पावणा बोलला. चांगला लांबलचक बोलला, वंगण नसलेली बैलगाडी चढ चढताना बोलते तसा.

सगळ्या बाया जागच्या जागी थिजल्या. बिबिजाननं पोटाकडं खाली बघितलं आणि दटावलं, "पुरं की आता! लगनघर हाय, लोकं काय म्हनतील!"

आधी मी फुटले. नवरीनं खालमानेनं बसायचं असतं, पण मी ओसरीवर आडवी व्हायची बाकी राहिले. मग बयाबाई, मग सगळा मांडव.

"हात! हात आना तिचा!" बिबिजान ओरडली. "हसतीया तवर आना!"

आईनं मला दंडाला धरून ओसरीवरून ओढत खाली नेलं. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, बरगड्या दुखत होत्या आणि हिरव्या बांगड्या एकामागून एक चढत होत्या. एकही वाढली नाही. चुड्याच्या वेळी फुटली म्हणायचं नसतं, आणि त्या दिवशी म्हणायची वेळच आली नाही. दोन्ही हात भरले तेव्हा कुठं माझं हसू थांबलं. रीतीप्रमाणे मी वाकून तिच्या पाया पडले. मान वर केली तर माझ्या मागं बयाबाई हात पुढं करून उभी, तिच्यामागं आई आणि तिच्यामागं बाकीच्या. बिबिजाननं मग पदर डोळ्यांना लावला तो बराच वेळ काढला नाही, आणि कुणी निमित्त विचारलं नाही.

आत्या मात्र उंबऱ्यातून कधीच उठून गेली होती.

तिसऱ्या प्रहरी बाया पांगल्यावर मी हळदीचं पाणी टाकायला मागच्या दारी गेले, तर गोठ्यातून बोलणं ऐकू आलं. आत्याचा आवाज होता, पण असा आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता.

"त्यो डाक्टर बायांचं बी बगतो का?"

"तितं बाई डाक्टरीन बी हाय," बिबिजान म्हणाली. "का गं आक्का?"

आत्याचा आवाज आणखी खाली आला.

"माजं अंग भाईर येतं. बाळंतपनापास्नं. लेकरू गेलं, मालक गेला, ह्ये तेवढं ऱ्हायलं. चालले की उतरतं. मीच आत ढकलते आन् फडकं बांधून हिंडते. अकरा वरसं झाली. वैनीला बी म्हाईत न्हाई."

मला वाटलं, आता बिबिजान काहीतरी बोलून हसवेल. ती हसली नाही. मी बाहेर भांडं हातात घेऊन उभी होते. तीन आंघोळी, वेगळा पाट, कुणाला हात लावू न दिलेलं धुणं, आणि आमच्या नकला. मला माझीच इतकी लाज वाटली की तिथून हलताही येईना.

"सोमवारची पयली यष्टी धर," बिबिजान म्हणाली. "मी जुन्नरच्या स्टँडवर उबी ऱ्हाते. कुनाला काय सांगायचं त्ये नंतर बगू."

"मला दवाखान्याचं लई भ्या वाटतं."

"मला बी वाटलं व्हतं."

आत्यानं नाक ओढलं. मग तिचा नेहमीचा फर्मान काढायचा आवाज परत आला.

"पर एक सांगते, बिबिजान. त्यांनी मला तपासायला आत नेलं की तू बी आत यायचं. भाईर थांबायचं न्हाई."