पत्र्याखालचं घड्याळ

गाणगापूरला दर्शन झाल्यावर देवळाबाहेरच्या दुकानातून मी आणि बायकोनं एकसारखी दोन घड्याळं घेतली, सेलवर चालणारी, अगदी स्वस्तातली. तिनं दुकानातच मनगटावर चढवलं. घामानं पट्टा कुजेल म्हणून मी माझं डबीत घालून घरी पत्र्याच्या खोलीत, फळीवर ठेवलं. लग्नकार्याला तेवढं काढायचं. मी निंबर्ग्याला शाळेत विज्ञान शिकवतो. वस्तू कशी जपावी हे आपल्याला कळतं, असा माझा समज होता.

तिचं घड्याळ हातात राहूनच भाकरी थापायचं, भांडी घासायचं, म्हशीची धार काढायचं. मला बघवेना.

"असं वापरलीस तर महिन्यात बंद पडतंय बघ ते," मी म्हणालो.

"घड्याळ घालायला आणलाव का पुजायला?" ती म्हणाली. "हातात असलं की नीट चालतंय. डबीतलं तुमचंच हुकंल."

विज्ञानाच्या मास्तराला हे ऐकवलं! तिथंच पैज लागली. ज्याचं घड्याळ जास्त हुकेल, त्यानं महिनाभर सकाळचा चहा करायचा. लग्नाला बावीस वर्षं झाली, पण गॅस कसा पेटतो हे मी लांबूनच पाहिलेलं.

पाडव्याला दोन्ही घड्याळं मोबाईलशी सेकंदाला सेकंद मिळवली. अक्षय्य तृतीयेला डबी उघडली. तिचं दोन सेकंद पुढं होतं. माझं पस्तीस सेकंद मागं! मी मोबाईल बंद करून पुन्हा चालू केला. मोबाईलचं काही चुकलेलं नव्हतं.

मला फार लाज वाटली. चार दिवस मुकाट्यानं चहा केला आणि कारण शोधत राहिलो. सापडलं तेव्हा तिला बसवून वाचून दाखवलं. असल्या घड्याळातला वेळ मोजणारा स्फटिक मनगटाजवळच्या बेताच्या उबेत नीट चालतो, फार तापला की मंदावतो. म्हणजे चूक माझी नव्हे, पत्र्याची.

"म्हंजे हातात असलं की नीट चालतंय?" तिनं विचारलं.

"व्हय."

"मग मी काय येगळं सांगितलं होतं? उठा, अद्रक कुटा."

माझ्या हिशेबानं तो महिना कधीच संपला. तिच्या घड्याळात अजून संपलेला नाही, आणि घरात बरोबर घड्याळ तिचंच, हे तर मीच सिद्ध करून बसलोय.