दोन बोटांचा बेंजो

टेलरच्या दुकानात बेंजो शिकायला बसलं, की गाणी कमी आणि किस्से जास्त जमा होतात. आमच्याकडे एवढे जमले आहेत, की गोंदियाजवळच्या आमच्या गोरेगावच्या आठवडी बाजारात त्यांचं वेगळं दुकान लावता येईल!

बेंजो म्हणजे आमच्याकडची ती लाकडी पेटी. खाली तारा, वर टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हाताने बटणं दाबायची, उजव्या हातातल्या छोट्या पट्टीने तारा छेडायच्या. मी टायपिंगचा क्लास चालवायचो. जिकडेतिकडे कॉम्प्युटर येऊ लागले होते, आणि माझ्या क्लासमध्ये पोरांपेक्षा मशिनी जास्त झाल्या होत्या. रिकामा वेळ भरपूर. म्हणून डोमाकाकांकडे गेलो. डोमाकाका पेशाने टेलर, आणि धानाच्या रोवण्याची, म्हणजे भातलावणीची, जुनी गाणी बेंजोवर वाजवणारा आमच्या भागातला शेवटचा माणूस. मनात म्हटलं, बटणंच दाबायची ना? आपली तर दहाही बोटं तयार आहेत!

पहिल्याच दिवशी मी डाव्या हाताची चार बोटं फडाफडा चालवून दाखवली. काकांनी मशीन थांबवलं, कापडाच्या काठाची एक चिंधी फाडली, आणि माझी करंगळी तिच्या शेजारच्या बोटाला बांधून टाकली.

"जुनं गानं दोन बोटाचं रायते, मास्तर. चार बोटं लावली का बेंजोच गायाले लागते. मंग गानारी बाई का करन? घरी जाइन!"

*

ती चिंधी सोडायची राहिली, आणि मी तसाच क्लासमध्ये गेलो. सवयीने मशीनवर बसलो आणि पोरांना दाखवायला एक ओळ टाइप केली. डावीकडची दोनच बोटं चालत होती, टक् टक् करत.

क्लासच्या भिंतीवर मीच लावलेली पाटी होती : 'दोन बोटांनी टाइप करणाऱ्यास वर्गाबाहेर काढले जाईल.'

पहिल्या बाकावरच्या पोरीने एकदा पाटीकडे पाहिलं, एकदा माझ्या हाताकडे. मग अगदी अदबीने विचारलं, "सर, तुमी आता बाहेर जाता का?"

गेलो की! नियम म्हणजे नियम. चहा पिऊन परत आलो.

*

माझ्यासोबत शिकायला बिसेनभाऊ होते. पक्के धानवाले शेतकरी. त्यांच्या घरी बेंजो नव्हता, त्यामुळे ते मिळेल त्यावर सराव करायचे. मोटरसायकलच्या टाकीवर, ग्रामसभेच्या टेबलावर, आणि रोज सकाळी दूध काढायच्या आधी म्हशीच्या पाठीवर. दोन बोटांनी अख्खं गाणं.

एकदा भाऊ बहिणीकडे सालेकशाला दोन दिवस मुक्कामाला गेले. दुसऱ्याच दिवशी वहिनींचा फोन. "तुमची म्हैस कोनालेच हात लावू देऊन नाई रायली! गानं मागून रायली ते! लवकर या!"

"मले आज गाडी नाई भेटत," भाऊ म्हणाले. "तूच वाजव."

वहिनींनी वाजवलं. म्हैस पान्हावली! पुढे डोमाकाकांनी स्वतः गोठ्यात उभं राहून ऐकलं, आणि वहिनींचा ताल भाऊंपेक्षा पक्का आहे असा निकाल दिला. भाऊ आठवडाभर दुकानात आले नाहीत.

*

तारा छेडायची पट्टी काका शर्टाच्या कॉलरमधली प्लास्टिकची पट्टी कापून करायचे. टेलर माणूस, त्यांना काय तोटा! पण एका लग्नात वाजवताना त्यांची पट्टी तुटली. खिशात दुसरी नाही. समोर नवरदेव, अंगात काकांनीच शिवलेला नवा शर्ट.

काका आशीर्वाद द्यायला म्हणून गेले, गळ्याशी हात नेला आणि परत येऊन वाजवू लागले. लग्नाच्या सगळ्या फोटोंत नवरदेवाची एक कॉलर ताठ आहे आणि दुसरी मान टाकून पडलेली.

मुलाचा बाप अल्बम घेऊन भांडायला दुकानात आला. काकांनी चष्मा लावून एकेक फोटो नीट पाहिला. "कॉलर पडली हे खरं हाये. पन गानं पडलं असतं त फोटोत दिसलं असतं का?" बाप चहा पिऊनच गेला.

*

आता बायजाबाईंचं सांगतो. रोवण्याच्या बायांच्या ओळीत पुढे राहून गाणी म्हणणारी ही बाई. माझी आई, यशोदा, तरुणपणी मला बांधावर निजवून तिच्याच ओळीत रोवायची. बायजाबाई ब्लाऊज शिवायला टाकायला आल्या, तेव्हा मी आणि भाऊ एक गाणं वाजवत होतो. तीन महिने घासलेलं.

त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "हे कोनतं गानं होय?"

"बायजा, तुहंच होय," काका म्हणाले.

"माहं? माह्या गान्यात त थांबाले जागा हाये!"

त्यांना स्टेजवर आणायचं म्हणजे धोकाच होता. एका कार्यक्रमात कीबोर्डवाल्याने जागाच दिली नाही, तेव्हा त्या अर्ध्या गाण्यातून उतरून सरळ घरी गेल्या होत्या. तरी काकांनी गळ घातली. दिवाळीनंतर आमच्या गावची मंडई, म्हणजे जत्रा, भरते, तिथे गायला त्या कबूल झाल्या. सरावाला मात्र साफ नाही. "रोज रोज गायाले मी का रेडिओ हाओ?" मला एवढंच सांगितलं, "तिसऱ्या कडव्यात मी थांबन. तवा थांबजो, बाबू. मधात घुसला त मी चालली घरी."

"काऊन थांबायचं?"

"थांबजो म्हटलं न!"

मला ते गाणं मुळात आईसाठी वाजवायचं होतं. तिच्या ऐन उमेदीचं गाणं, ते तिला ऐकवावं ही माझी फार इच्छा. पण घरी मी ते सुरू केलं की ती उठून परसात जायची. "हे नोको वाजवू. दुसरं वाजव." मला वाटायचं, मी वाईट वाजवतो. खरं सांगतो, वाईट वाटायचं.

*

मंडईच्या दिवशी भर दुपारी स्टेजवर बसलो. चिंधी त्या दिवशी माझी मीच बांधली. बिसेनवहिनींनी आईला जवळजवळ ओढतच आणलं होतं. ती मागे, डोक्यावर पदर ओढून बसली होती.

बायजाबाईंनी दोन कडवी गायली. आवाज थोडा फाटलेला, पण काय आवाज! मी त्यांच्या मागे मागे, दोन बोटांनी. तिसऱ्या कडव्यात त्यांनी विचारलं, "मांगं राहिली कोन वो बाई, मांगं राहिली कोन?"

आणि थांबल्या.

मीही थांबलो. साउंडवाला गोंदियाचा. तो खालून कुजबुजला, "भैया, बाई भूल गई! कुछ बजाओ ना!" भाऊंनी मला कोपर मारलं. माझी बांधलेली दोन बोटं आतल्या आत वळवळत होती. बायजाबाई जागच्या हलल्या नाहीत, माझ्याकडे बघतही नव्हत्या. त्या समोर बघत होत्या, पुढे बसलेल्या, त्यांच्या जुन्या ओळीतल्या आठ-दहा म्हाताऱ्यांकडे.

आणि त्या साऱ्या म्हाताऱ्या एका सुरात ओरडल्या, "यशोदा!"

मागून आई ताडकन उठली. पदर खांद्यावर, हात थेट स्टेजकडे, माझ्यावर रोखलेला.

"मी कायले मांगं राहीन वो? हा बांधावर रडे न!"

अख्खी मंडई माझ्याकडे वळून पाहू लागली. बायजाबाईंनी माइक जवळ घेतला.

"हं. आता वाजव."