साळूआत्याची विलायती

भोकरदनच्या वरल्या अंगाला, डोंगराच्या कडंला माझी साळूआत्या मोहाची दारू काढायची. तिला कोणी वाईट म्हन्लं तर त्याचे दात घशात घालीन, पहिलंच सांगून ठेवतो. नवरा तरणाच मेला, वावर दिरांनी दाबलं. तिच्याजवळ राह्यला तो तिच्या मायचा तांब्याचा हंडा. त्या एका हंड्यावर चार लेकरं जगली.

निजामाच्या राज्यात चोरून दारू काढली का आबकारीवाले धरायचे. धरलेलं मानूस कवातरी सुटून यायचं. हंडा काही परत यायचा न्हाई. आत्याला भेव होतं ते तेवढंच.

आबकारीचा दारोगा लई रुबाबी. मोहाची नुसती गोष्ट निघाली तरी नाकाला रुमाल लावायचा. जालन्याहून विलायती विस्की मागवायचा. त्या बाटल्या जपायचं काम शिपाई कडूबाकडं. कडूबानं पहिल्याच महिन्यात एक बाटली पिऊन टाकली अन् रडत आत्याकडं आल्ता.

"आत्या, नोकरी जाईन माझी!"

"बोंबलू नको, मुडद्या. कशी दिसती ती?"

"कोऱ्या चहावानी. वास धुराचा."

आत्यानं पहिल्या धारेची घेतली, जळका गूळ घातला, बाभळीची साल टाकली, अन् धुरी दिलेल्या मडक्यात आठ दिस मुरवली. कडूबानं ती बाटलीत भरली. दारोगा प्याला अन् म्हन्ला, "वाह!" तवापासून तीन वर्षं विलायती कडूबाच्या पोटात अन् आत्याची दारोगाच्या.

मंग गावातल्या कोण्यातरी भाड्यानं चुगली केली. दारोगा भर दुपारी आला, संगं कडूबा, पंच म्हून रखमाजी पाटील. हंडा धुवून पालथा घातलेला. पन कोपऱ्यात कडूबासाठी मुरत ठेवलेलं मडकं घावलं.

"हंडा उठाव!" दारोगा वरडला.

आत्या हंड्यावर जाऊन बसली. "आधी पंचासमोर चाखा, साहेब. मडक्यात काय हाये ते लिव्हल्याबिगर हंडा कसा नेता?"

"बराबर हाये," पाटील म्हन्ला.

दारोगानं तोंड वाकडं करून एक घोट घेतला. थांबला. दुसरा घेतला, जरा मोठा.

"अरे, ये तो विलायती है!"

"नीट बघा साहेब, मोहाची असन," पाटील म्हन्ला.

"पाटील, तीन साल से पी रहा हूँ. मुझे सिखाते हो? लिखो, विलायती."

पाटलानं लिव्हलं.

"बाई, तेरे पास कहाँ से आई?"

"तुमची येती तिथूनच, साहेब."

दारोगानं मडक्याकडं पाह्यलं, हंड्याकडं पाह्यलं, मंग कडूबाकडं. कडूबा आपल्या बुटाकडं पाहून राह्यला होता. दारोगाची मान कानापस्तोर लाल झाली. आता मोहाची म्हन्लं तर हंडा हातात येत होता, पन तीन वर्षं आपुन काय प्यालो ते गावभर झालं असतं.

पाटील बेरका. "खोडू का, साहेब? मोहाची लिव्हू?"

"जो लिखा वो बराबर है."

"मंग हंडा?"

"पानी तपाने का है," दारोगा पुटपुटला, सही केली अन् जल्दी जल्दी निघाला.

आत्या हंड्यावरून उठली न्हाई. बसल्या जागेवरूनच म्हन्ली, "साहेब, मडकं राह्यलं की!"

दारोगा थांबला. वळला न्हाई.

"कडूबा," तो म्हन्ला, "उठा ले."