पितळी डबा आणि पानाची डावी बाजू

काकडीची कोशिंबीर बिघडवता येत नाही, असं पंचविशीपर्यंत माझं ठाम मत होतं. काकडी चोचवायची, दही घालायचं, मीठ टाकायचं. यात बिघडायला आहे काय? (आहे. सांगतो.)

ही गोष्ट पंचावन्न-छप्पन सालची. आम्ही गोरेगावला राहायचो. मी, आई आणि मिलमधून नुकतेच निवृत्त झालेले बाबा. मी फोर्टातल्या एका कचेरीत कारकून होतो. आमचे हेडक्लार्क परबसाहेब दर कार्तिकात दिंडोशीच्या एका वाडीत सगळ्या कचेरीचं आवळीभोजन घालायचे. आवळ्याच्या झाडाखाली तीन दगडांची चूल मांडून मसालेभात स्वतः करायचे. पळीला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे.

"पानाची उजवी बाजू माझी," ते म्हणायचे, "डावी तुम्ही सांभाळा. चटणी, कोशिंबीर, लोणचं, पापड. सोपं काम आहे. गाढवालासुद्धा जमेल."

त्या वर्षी मात्र त्यांनी मला बाजूला घेतलं. "सावंत, यंदा आईवडिलांना घेऊन या. आमच्या घरची मंडळीही येणार आहेत. कुसुमसुद्धा."

कुसुम म्हणजे त्यांची धाकटी मुलगी. वडिलांचा विसरलेला चष्मा द्यायला एकदा कचेरीत आली होती, आणि त्या दिवशी मी एकाच पत्राला दोनदा उत्तर लिहून पाठवलं होतं. कांदेपोहे न करता दोन्ही घरांनी एकमेकांना बघून घ्यावं, असा साहेबांचा बेत असणार. कुसुम सोडून दुसरी कुणी मला नकोच होती!

आई नेमकी मावशीच्या मुलीच्या बाळंतपणासाठी मालाडला गेलेली. ती तिथून परस्पर वाडीवर येणार होती. जाताना मला बजावून गेली, "लोणच्याची बरणी घेऊन ये. दुसरं काही करू नको. ऐकलंस ना? काही म्हणता काही करू नको!"

पण लोणचं? कुसुमच्या आईसमोर बरणी घेऊन जायचं? छे! लोणचं काय, कुणीही नेतं. मी बाबांना म्हटलं, "बाबा, आपण कोशिंबीर करू."

"आपण?" बाबा दचकले. आमच्या घरात पुरुषांनी आजवर पाण्याचा तांब्यासुद्धा हातानं भरून घेतला नव्हता.

"त्यात काय! काकडी आणि दही."

"आणि न्यायची कशातून?"

आम्ही दोघांनी फळीवर पाहिलं. तिथे आईच्या माहेरचा मोठा पितळी डबा होता. झकास भारदस्त डबा! फक्त बाहेरून जरा काळवंडलेला. रिकामटेकडे बाबा एकदम उत्साहात आले. धोतर खोचलं, चिंच घेतली, राख घेतली आणि बसले घासायला. तासाभरात डबा बाहेरून सोन्यासारखा झाला.

"बाबा, पण आत बघा. आत हे पांढरट काय चिकटलंय?"

"दुधाची साय असेल जुनी. तुझ्या आईचं लक्षच नसतं हल्ली!"

"मी काढतो," मी म्हटलं, आणि अख्खी संध्याकाळ विटेची पूड अन् नारळाची शेंडी घेऊन तो थर खरवडत बसलो. काय चिवट थर! माझी बोटं सोलवटली. पण शेवटी डबा आतूनही पिवळाधम्मक झाला. बाबांनी त्यात तोंड पाहिलं. "वसंता," ते गहिवरून म्हणाले, "तुझ्या आईला इतकी वर्षं जमलं नाही ते तू एका संध्याकाळी केलंस!"

कोशिंबीर मुरलेली बरी, म्हणून मी आंबट दही, काकडी, मीठ सगळं तेव्हाच त्या डब्यात घालून झाकण लावलं.

दुसऱ्या दिवशी घोडागाडीतून आम्ही वाडीवर पोहोचलो. ऊन चढलेलं, रस्ता खडबडीत, डबा माझ्या मांडीवर डुचमळत होता. आवळ्याखाली चूल पेटली होती. परबसाहेब घामाघूम होऊन भात हलवत होते. आई आधीच येऊन परबीणबाईंशी, म्हणजे साहेबांच्या बायकोशी, मालवणीत बोलत बसली होती. दोघींची माहेरं शेजारशेजारच्या गावांतली निघाली, म्हणजे अर्धं काम झालंच होतं! कुसुम केळीची पानं पुसत होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग डब्याकडे. "केवढा लखलखतोय हो!" म्हणाली. मी हवेतच!

पानं वाढायला घेतली. मीठ, लिंबू, खोबऱ्याची चटणी. मग मी ऐटीत पुढे झालो आणि झाकण उघडलं.

दही हिरवं होतं.

"कोथिंबीर जरा जास्त झाली," मी म्हणालो. (कोथिंबीर मी घातलीच नव्हती.)

परबसाहेबांनी नाक पुढे केलं आणि मागे घेतलं. "सावंत, हे काय आहे?"

"कोशिंबीर, साहेब."

"कशाची?"

घराण्याची अब्रू वाचवायला बाबा पुढे सरसावले. "छान झालीय, मी दाखवतो!" म्हणत त्यांनी बोटभर तोंडात घातली. त्यांचा चेहरा असा झाला की शेजारच्या पंगतीतले दोघे उठून उभे राहिले. तेवढ्यात आई आली. तिनं डब्यात डोकावलं, आणि साहेबांसमोर जपून ठेवलेली तिची शहरी भाषा जागच्या जागी गळून पडली.

"मेल्यांनो! कल्हई खंय गेली?"

"कसली कल्हई?" बाबांनी थुंकत विचारलं.

"गेल्याच आठवड्यात लावून घेतलंय मी! पितळेत आंबट टाकलां की कळकता, म्हणून आतून पांढरी कल्हई लावतत! हो डबो कोणी घासल्यान?"

बाबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी बाबांकडे. कचेरीतले सगळे खो खो हसत होते. साहेब हसत नव्हते. मला वाटलं, लागली वाट! कुसुम गेली, आणि परबसाहेबांच्या देखत गेली म्हणजे बढतीही गेली. मला खरंच रडू यायला लागलं.

मग कुसुम उठली. म्हणाली, "आवळ्याखाली बसून कुणाला आवळा दिसत नाही?" तिनं खाली पडलेले टपोरे आवळे ओच्यात गोळा केले, धुतले, मिरच्या, मीठ आणि गुळाचा खडा घेतला, आणि एक गुळगुळीत धोंडा माझ्या हातात दिला. "घ्या. ठेचा."

मी ठेचले. नाकाडोळ्यांतून पाणी येईपर्यंत ठेचले. (रडू लपवायला बरं पडलं.) ती चटणी साहेबांनी तीनदा मागून घेतली, पण माझ्या हातून नाही, कुसुमच्या.

मी घास गिळत होतो, तेवढ्यात परबीणबाईंनी आईला हळूच विचारलेलं मला ऐकू आलं.

"गे बाय, हो डबो खराच तुझ्या झिलान घासल्यान? आपल्या हातान?"

"काय सांगू! बापूस नि झील दोघांनी. माझी मान खाली घातली!"

"मान कसली खाली? माझ्या थोरल्येचो घोव, माझो जावई, पाण्याचो तांब्योसुद्धा उचलणा नाय! पोरगी राबून राबून काटकी झाली. आणि तुझो झील आपल्या हातान भांडी घासता?" त्या नवऱ्याकडे वळल्या. "अहो, ऐकलात? कुसुमसाठी हेच घर बघूया."

परबसाहेब भाताचा घास हातात धरून माझ्याकडे पाहत राहिले. "सावंत," ते म्हणाले, "अक्कल नाही तुम्हाला. पण घासता चांगलं." आणि त्यांनी माझ्या पानात पळीभर भात वाढला. कुसुम पदराआड हसत होती. त्या आनंदात मी तो भात चक्क डाव्या हातानं खायला लागलो.

आमचं लग्न त्याच माघात झालं. रुखवतात सासूबाईंनी पक्वान्नांच्या मधोमध एक कोरा पितळी डबा मांडला होता, आत पांढरीशुभ्र कल्हई लावलेला. मी कौतुकानं झाकण उघडलं. आत चिंचेचा गोळा आणि नारळाची शेंडी!

सगळ्यांना वाटलं, थट्टा आहे. मलाही तसंच वाटलं होतं. आता नातवंडं झाली, घरात स्टीलची भांडी आली, कल्हईवाल्याची हाक ऐकू येईनाशी झाली. हे लिहायला बसायच्या आधी स्वयंपाकघरातून हाक आली, "अहो, लिखाण नंतर करा! मोरीत भांडी वाट बघतायत!" तेव्हा घासून मगच बसलोय. आतून जरा बेतानंच घासतो, एवढंच.